शिडी कोणी धरली?

ऑस्ट्रिया देशात वेल्स शहराजवळ गुन्सकिर्खेन नावाचे एक लहान गाव आहे. तेथील रोटॅक्स कारखान्यात गेली तीसहून अधिक वर्षे एक चार सिलिंडरचे इंजिन तयार होते. त्याची ताकद ऐंशी ते शंभर अश्वशक्ती. म्हणजे आपल्या रस्त्यांवरील एखाद्या मध्यम मोटारीइतकी. हौशी वैमानिकांची छोटी, दोन आसनांची विमाने उडावीत एवढ्यासाठी ते घडविलेले. कारखान्याची मालक असलेली कॅनडातील कंपनी बर्फावरून घसरणाऱ्या आणि पाण्यावरून धावणाऱ्या स्कूटरी बनवते. शस्त्रांच्या व्यापाराशी तिचे नाव सहसा कोणी जोडले नसते.

२७ सप्टेंबर २०२० रोजी नागोर्नो-काराबाख या डोंगराळ मुलखासाठी अझरबैजान आणि आर्मेनियन फौजा यांच्यात युद्ध पेटले. ते ४४ दिवस चालले. अझरबैजानने तुर्कस्तानात बनलेली बायरक्तार टीबी-२ ही वैमानिकाविना उडणारी विमाने त्यात वापरली आणि त्यांतून सोडलेल्या बॉम्बनी रणगाडे, तोफा आणि खंदकांत बसलेली तरुण मुले टिपून काढली. पडलेल्या विमानांचे अवशेष आर्मेनियन लोकांनी गोळा केले, तेव्हा आत रोटॅक्सचे इंजिन निघाले आणि कॅनडात बनलेला कॅमेराही निघाला. कॅनडा सरकारने त्याच ऑक्टोबरात त्या कॅमेऱ्यांचे निर्यात परवाने स्थगित केले आणि एप्रिल २०२१ मध्ये ते रद्द केले. इंजिनवाल्या कंपनीने जाहीर केले की, आपली विमान-इंजिने केवळ नागरी वापरासाठी प्रमाणित आहेत. ज्या देशांत त्यांचा वापर स्पष्ट नाही, तेथे ती यापुढे पाठविली जाणार नाहीत.

कथा येथे संपली असती तर एक बरी गोष्ट म्हणून आम्ही ती सांगितली असती. परंतु २०२२ साली रशियाने युक्रेनवर आक्रमण केले आणि युक्रेनने त्याच बायरक्तार विमानांनी आपल्या भूमीचे रक्षण केले; जगाने त्याचे कौतुकही केले. त्याच वर्षी युक्रेनने रशियाच्या बाजूने वापरले जाणारे एक इराणी बनावटीचे मोहाजेर विमान पाडले. त्यातही इंजिन रोटॅक्सचेच सापडले. एकाच गावचे इंजिन घर राखणाऱ्याच्या विमानात आणि घर जाळणाऱ्याच्याही विमानात! (अमेरिकेच्या प्रिडेटर विमानातही याच इंजिनाचे भावंड बसविलेले होते आणि आपल्या सैन्यदलांकडील इस्रायली हेरॉन टेहळणी विमानांतही ते आहे. तेव्हा हा प्रश्न फार दूरचा आहे, असे वाचकांनी समजू नये.)

अशा इंजिनाचा निर्माता त्या मृत्यूंना उत्तरदायी आहे काय?

या प्रश्नाला सज्जन माणसे चटकन एक उत्तर देतात. कोयत्याने नारळ सोलतात आणि कोयत्याने खूनही होतो, त्यात लोहाराचा काय दोष? युक्तिवाद खोटा नाही. फक्त तो जितके सिद्ध करतो त्याहून बरेच अधिक सिद्ध केल्याचा आव आणला जातो. दिवसाढवळ्या बाजारात बसून कोयते विकणारा लोहार निर्दोषच आहे. पण शेजाऱ्याच्या अंगणात भांडण पेटलेले ऐकू येत असताना, त्यातला एकजण धापा टाकत दारी आला आणि लोहाराने पैसे मोजून घेऊन कोयता त्याच्या हाती दिला, तर? कोयता तोच, लोहारही तोच. बदलले आहे ते त्याचे जाणणे, आणि घटनेपासूनचे त्याचे अंतर.

ख्रिस्तसभेच्या नीतिशास्त्रात या प्रश्नाची चर्चा इंजिने आणि चिप यांच्या पुष्कळ आधी झाली आहे, आणि तीही एका शिडीवरून. सतराव्या शतकात काही नीतिशास्त्रज्ञ फार सैल मते मांडू लागले होते. १६७९ साली पोप अकरावे इनोसंट यांनी अशी ६५ मते अमान्य ठरविली. त्यांतले एक असे होते : धनी एखाद्या मुलीची अब्रू लुटण्यासाठी खिडकीतून आत शिरू पाहतो आहे, त्याला चढण्यासाठी खांदा देणारा, त्याच्यासाठी शिडी आणून धरणारा नोकर हे सारे जाणून करीत असला, तरी धनी आपला छळ करील, कामावरून काढून टाकील या भीतीपोटी करीत असेल, तर तो गंभीर पाप करीत नाही. ख्रिस्तसभेने हे मत फेटाळले. पोटाची भीती मोठी असते, हे रोममधील त्या मंडळींना ठाऊक नव्हते असे नाही. परंतु खिडकीच्या आत एक मुलगी होती, आणि तिचा विचार त्या सैल मतात कोठेच नव्हता.

पुढच्या शतकात संत आल्फोन्स लिगोरी यांनी या चर्चेला शिस्त लावली. ते मूळचे नेपल्सचे वकील. माणसे कोणत्या दडपणाखाली काय करतात, हे त्यांनी न्यायालयात पाहिलेले. दुसऱ्याच्या दुष्कृत्यातील सहभाग दोन प्रकारचा असतो, असे ते सांगतात. एकात आपण त्याच्या दुष्ट इच्छेतच सामील होतो. तो सहभाग कधीही क्षम्य नाही. दुसऱ्यात आपली इच्छा निराळी असते, पण आपले कृत्य किंवा आपली वस्तू त्याच्या उपयोगी पडते. हा दुसरा प्रकार कधी निर्दोष असतो, कधी नसतो. आपण त्या कृत्याच्या किती जवळ उभे आहोत, आपल्यावाचून ते अडले असते काय, होणारी हानी केवढी आहे, आणि नकार देण्याची किंमत आपल्याला काय मोजावी लागेल, हे सारे तराजूत घालावे लागते. शिडी धरणारा नोकर आणि सहा महिन्यांपूर्वी ती शिडी विकणारा सुतार यांना एकाच रांगेत बसविता येत नाही. सेमिनरीत आम्ही हे शिकलो तेव्हा ही विभागणी कोरडी वाटे. विसाव्या शतकाचा इतिहास वाचला म्हणजे ती तशी वाटत नाही.

मार्च १९४६ मध्ये जर्मनीतील हॅम्बर्ग शहरी ब्रिटिश लष्करी न्यायालयासमोर तीन माणसे उभी होती. तिघेही सैनिक नव्हते. ‘टेश आणि श्टाबेनोव’ या कंपनीचा धंदा जहाजे, गोदामे आणि बराकी यांतील उंदीर, उवा व ढेकूण मारण्याचा. त्यासाठी ती झायक्लॉन-बी नावाचे कीटकनाशक पुरवीत असे. आउशविट्झच्या छळछावणीत ते द्रव्य माणसांवर वापरले गेले. संत एडिथ स्टाइन यांनाही ऑगस्ट १९४२ मध्ये त्याच छावणीत विषारी वायूने मारण्यात आले. न्यायालयाला तीन गोष्टी पाहावयाच्या होत्या : या वायूने माणसे मारली गेली काय, तो या कंपनीने पुरविला काय, आणि आरोपींना त्याचा उपयोग ठाऊक होता काय. पहिल्या दोन गोष्टींबद्दल फारसा वाद नव्हता. सारा खटला ‘ठाऊक होते काय’ या एका प्रश्नावर उभा राहिला. कंपनीचा मालक ब्रूनो टेश आणि त्याचा दुय्यम कार्ल वाइनबाखर यांना ठाऊक होते, असे न्यायालयाने ठरविले आणि दोघांना फाशी झाली. तिसरा आरोपी कंपनीचा तंत्रज्ञ होता. वायू कोणाला द्यावा, किती द्यावा, यावर त्याचा काहीच अधिकार चालत नव्हता, म्हणून तो सुटला.

मरणदंडाविषयी ख्रिस्तसभेची आजची शिकवण वाचकांना माहीत आहे. तो मुद्दा येथे बाजूला ठेवू. आम्हांला लक्ष वेधावयाचे आहे ते या गोष्टीकडे, की त्या न्यायाधीशांनी नकळत संत आल्फोन्स यांचाच तराजू हाती घेतला. वस्तू नागरी होती, उवा मारणारी होती, एवढ्याने मालक सुटला नाही. आणि माणूस त्याच कंपनीत पगार घेत होता, एवढ्याने तंत्रज्ञ अडकला नाही.

यावर कोणी म्हणेल, नाझींचे उदाहरण देणे सोपे आहे. तेथे दुष्टपणा उघडा होता. लोकांनी निवडून दिलेले सरकार कायदेशीर मार्गाने मागणी करते, तेव्हा कंपनीने काय करावे? हा प्रश्न खरा अवघड आहे. अमेरिकेतील डाऊ केमिकल या कंपनीपुढे तो १९६५ नंतर उभा राहिला. (हे नाव पुढे आपल्याकडे भोपाळच्या संदर्भात परिचित झाले, १९८४ ची वायुदुर्घटना युनियन कार्बाइडच्या कारखान्यातली, आणि ती कंपनी २००१ साली डाऊने विकत घेतली.) डाऊ ही स्वयंपाकघरात अन्न गुंडाळण्याचे पातळ प्लॅस्टिक विकणारी कंपनी. पॉलिस्टायरीनही ती बनवीत असे. पेट्रोल आणि बेन्झीन यांत पॉलिस्टायरीन मिसळले की नापाम तयार होते. ते कातडीला चिकटून जळत राहते. व्हिएतनाम युद्धासाठी सरकारला ते हवे होते. कंपनीच्या एकूण विक्रीत त्याचा वाटा एक टक्क्याहूनही कमी होता. पैशासाठी तिला त्याची गरज नव्हती, आणि हीच गोष्ट आम्हांला अधिक विचारात पाडते.

ऑक्टोबर १९६७ मध्ये मॅडिसन येथील विस्कॉन्सिन विद्यापीठात डाऊचे अधिकारी नोकरभरतीसाठी आले, तेव्हा विद्यार्थ्यांनी त्यांची वाट अडविली. पोलिसांच्या लाठ्यांनी अनेकांची डोकी फुटली. कंपनीच्या प्रमुखांनी आपली बाजू निर्भीडपणे मांडली : लोकशाहीत युद्धाचा निर्णय जनतेचे प्रतिनिधी घेतात, प्रत्येक कारखानदार आपापल्या पसंतीप्रमाणे सैनिकांना माल नाकारू लागला, तर राष्ट्र चालणार कसे? या म्हणण्यात तथ्य आहे. कंपन्यांनी परराष्ट्रनीती ठरवावी, असे आम्हांलाही वाटत नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनेही शांततेचे सारे उपाय संपल्यावर न्याय्य स्वसंरक्षणाचा शासनाचा अधिकार मान्य केला आहे. मात्र तीच परिषद संपूर्ण शहरांचा किंवा विस्तृत प्रदेशांचा लोकवस्तीसह सरसकट विध्वंस हा देवाविरुद्ध व मानवाविरुद्ध अपराध ठरविते, आणि तसल्या आज्ञा पाळण्यास नकार देणाऱ्यांची प्रशंसा करते. म्हणजे शासनाची मागणी ही तराजूतील एक वजनदार गोष्ट आहे, पण ती तराजू काढून घेत नाही. शासनाच्या आज्ञेने शिडी धरली तरी खिडकी तीच राहते.

डाऊच्या गोष्टीला एक टोचणारा शेवट आहे. १९६९ साली नापामचा ठेका दुसऱ्या कंपनीकडे गेला. डाऊने बनविणे थांबविले. नापाम पडणे थांबले नाही. जून १९७२ मध्ये त्रांग बांग गावाजवळच्या रस्त्यावरून जळालेल्या अंगाने धावणाऱ्या नऊ वर्षांच्या मुलीचे छायाचित्र सर्व जगाने पाहिले, तेव्हा डाऊचा ठेका संपून तीन वर्षे होत आली होती. ‘आम्ही नाही दिले तर दुसरा देईल’ हे व्यापाऱ्यांचे आवडते वाक्य येथे शब्दशः खरे ठरले. मग नकाराला अर्थ काय? नीतिशास्त्र असे म्हणते की, दुसरा कोणी मिळणारच असेल, तर आपल्या सहभागाचे वजन काहीसे कमी होते. ‘काहीसे कमी’ म्हणजे ‘शून्य’ नव्हे. दुसरा देईल, हे भाकीत दुसऱ्याविषयीचे आहे. आपले कृत्य मात्र आपलेच असते. येशूला धरून देण्यासाठी यहूदाऐवजी दुसरा कोणीही मिळाला असता. तरी तीस नाणी परत आली, तेव्हा ती मंदिराच्या भांडारात टाकण्यास महायाजक धजले नाहीत. ज्यांनी स्वतः ती मोजून दिली होती, त्यांनाही त्या पैशाचा रंग दिसत होता!

आता उलट बाजूचे एक उदाहरण देतो, कारण कंपन्या नेहमी दोषीच असतात असा समज पसरविण्याची आमची इच्छा नाही. मूतखडा शस्त्रक्रियेविना फोडण्याचे यंत्र आता आपल्याकडेही सर्वत्र झाले आहे. त्यात क्षणार्धात विजेचा मोठा झटका सोडणारा एक लहानसा भाग असतो. नेमका तोच भाग अणुबॉम्बच्या स्फोटाची सुरुवात करण्यासही उपयोगी पडतो. २००३ साली दक्षिण आफ्रिकेतील केपटाउनच्या एका व्यापाऱ्याने असे २०० भाग अमेरिकेतून मागविले. सोवेटो येथील रुग्णालयासाठी ते हवेत, असे सांगण्यात आले. एका रुग्णालयाला असे मोजकेच भाग पुरतात, २०० कशाला? एका निनावी व्यक्तीने अधिकाऱ्यांना सावध केले, आणि उत्पादक कंपनीने त्यांच्याशी सहकार्य करून पहिले ६६ भाग निकामी करून मगच रवाना केले. माल पाकिस्तानात पोहोचला. जानेवारी २००४ मध्ये त्या व्यापाऱ्याला अटक झाली आणि पुढे शिक्षाही.

येथे वस्तूने काहीच सांगितले नाही. सांगितले ते आकड्याने. मागणीपत्रावरचा आकडा वाचून ज्याच्या कपाळावर आठी पडते, असा एक कारकून शंभर ठरावांहून मोलाचा, असे आम्हांला वाटते.

आज मात्र आठी पडण्याची सोयच उरू नये, अशी व्यापाराची घडण झाली आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये लंडनच्या ‘रुसी’ या संरक्षणविषयक संस्थेने युक्रेनमध्ये सापडलेल्या रशियन शस्त्रांचा अहवाल प्रसिद्ध केला. क्षेपणास्त्रे, ड्रोन, संपर्कयंत्रे अशा २७ प्रकारच्या सामग्रीत मिळून परदेशी बनावटीचे किमान ४५० वेगवेगळे भाग आढळले, आणि त्यांतले पुष्कळसे अमेरिकन कंपन्यांचे होते. यांतील कित्येक चिप धुलाईयंत्रांत किंवा हृदयाचा आलेख काढणाऱ्या यंत्रांत असतात तशाच. रशियाला विक्री आपण थांबविली आहे, असे कंपन्या सांगतात. पण चिप वितरकाकडे जाते, वितरकाकडून उपवितरकाकडे, तेथून तिसऱ्या देशातील कालपरवा स्थापन झालेल्या एखाद्या व्यापारी पेढीकडे. प्रत्येक टप्प्यावर एक माणूस प्रामाणिकपणे म्हणू शकतो की, पुढचे मला ठाऊक नाही.

करिंथच्या बाजारातील मांसाविषयी संत पॉलने दिलेला सल्ला येथे कोणाला आठवेल. देवळांत मूर्तींपुढे वाहिलेले मांस तेथे विकावयास येई. बाजारात जे मिळते ते फार चौकशी न करता खा, असे पॉल सांगतो. मग चिप विकणाऱ्यानेही चौकशी का करावी? परंतु पॉलचा सल्ला तेथे थांबत नाही. हे मूर्तीला वाहिलेले आहे, असे कोणी सांगितले, तर मात्र खाऊ नको. ज्याच्या विवेकाला त्याने इजा होईल, त्याच्याकरिता खाऊ नको. चौकशी न करण्याची मुभा त्याने दिली ती भुकेल्या गिऱ्हाइकाला, कारण त्या मांसाने तिसऱ्या कोणाचा जीव जात नव्हता. आणि एकदा सांगितले गेल्यावर ‘मला ठाऊक नव्हते’ ही वाट बंद होते. ४५० भागांची यादी छापून आली, त्या दिवशी पुष्कळांना ‘सांगितले गेले’ आहे. आपल्या देशातील व्यापाऱ्यांनाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये अमेरिकेने रशियाला असा माल पोहोचविल्याच्या आरोपावरून सुमारे ४०० व्यक्ती व कंपन्यांवर निर्बंध लादले, त्यांत १९ भारतीय कंपन्या होत्या. भारतीय कायद्याचा भंग झालेला नाही, असे आपल्या शासनाने सांगितले. तसे असेलही, महासत्तांचे निर्बंध म्हणजे काही दहा आज्ञा नव्हेत. परंतु कायद्याचा भंग झाला नाही, हे वाक्य वकिलाला पुरते. पापनिवेदनाला बसलेल्या माणसाला ते पुरत नाही.

राहिला प्रश्न आपल्या मुलामुलींचा. आपल्या धर्मग्रामांतील कितीतरी तरुण आज पुण्यात, बंगळुरात, आखातात आणि अमेरिकेत अभियंते आहेत. आपण लिहिलेला संगणकाचा कार्यक्रम शेवटी कोठे जाऊन बसतो, हे त्यांतल्या अनेकांना सांगितलेच जात नाही. २०१८ साली गुगल कंपनीतील हजारो नोकरदारांनी आपल्या प्रमुखाला पत्र लिहिले : ड्रोनने घेतलेल्या चित्रांतून वस्तू ओळखण्याचे अमेरिकी संरक्षण खात्याचे काम आपण करू नये. काहींनी राजीनामे दिले. जूनमध्ये कंपनीने ठेका पुढे न वाढविण्याचे जाहीर केले आणि शस्त्रांसाठी कृत्रिम बुद्धिमत्ता न वापरण्याचे वचनही प्रसिद्ध केले. फेब्रुवारी २०२५ मध्ये ते वचन कंपनीच्या तत्त्वांतून काढून टाकण्यात आले. त्या आधी, जून २०२४ मध्ये, इटलीत जमलेल्या सात राष्ट्रांच्या प्रमुखांसमोर पोप फ्रान्सिस यांनी कळकळीने सांगितले होते की, माणसाचा जीव घ्यावा की नाही, हा निर्णय कोणत्याही यंत्राकडे जाता कामा नये.

मग अशा तरुणाने नोकरी सोडावी काय? त्याच्या डोक्यावर घराचे कर्ज आहे, आईचे औषधपाणी आहे. सरसकट ‘सोड’ म्हणणे आम्हांला उचित वाटत नाही. हॅम्बर्गचा तंत्रज्ञ सुटला, हे लक्षात ठेवले पाहिजे. परंतु तो सुटला तो पुरवठ्यावर त्याचा अधिकार नव्हता म्हणून, आणि बढती मिळत जाते तसा अधिकार वाढत जातो. ज्याला विचारता येते त्याने विचारावे, ज्याला दुसऱ्या विभागात बदली मागता येते त्याने मागावी, ज्याच्या सहीवाचून माल हलत नाही त्याने सही करण्यापूर्वी आकडा वाचावा. आणि निरपराध माणसे मारण्यासाठीच हे घडविले जात आहे, असे ज्याला निश्चित कळले आहे, त्याला कर्जाचे कारण सांगता येणार नाही; १६७९ सालच्या त्या नोकरालाही ते सांगता आले नव्हते.

ज्यांची मुले अभियंते नाहीत त्यांनी हायसे वाटून घेऊ नये. १९६८ साली मानवी हक्कांसाठी झटणाऱ्या अमेरिकन डॉक्टरांच्या एका समितीला डाऊचे मोजके शेअर देणगीदाखल मिळाले. त्या बळावर समितीने मागणी केली की, नापाम माणसांवर वापरले जाणार नाही अशी खात्री मिळाल्यावाचून कंपनीने ते विकू नये, असा ठराव भागधारकांपुढे मांडावा. कंपनीने नकार दिला. प्रकरण न्यायालयांत गेले. १९७० साली वरिष्ठ न्यायालयाचा कौल डॉक्टरांच्या बाजूने पडला, आणि १९७१ मध्ये कंपनीने अखेर ठराव मतांना टाकला. तोवर डाऊचे नापाम बंद होऊन दोन वर्षे झाली होती, म्हणजे होय म्हणण्यासाठी कोणालाही एक डॉलरही गमवावा लागणार नव्हता. ठरावाला तीन टक्केही मते मिळाली नाहीत. आपल्याकडे पतपेढ्यांच्या वार्षिक सभांत कोणत्या विषयावर सर्वांत जास्त हात वर होतात, हे वाचक जाणतातच. आणि म्युच्युअल फंडात दरमहा जमा होणारे आपले पैसे कोणकोणत्या कंपन्यांत गुंतविले जातात, त्याची यादी फंड प्रत्येक महिन्याला प्रसिद्ध करतात.